दुसऱ्याच्या हाताने मोजलेलं शीड

वेगाच्या होडीबद्दल लिहा, असं मला सांगितलं आहे. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत कोणाला तरी कळलं की या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीच्या घरी शिडाच्या होड्या बांधायचे. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक मला थांबवून विचारतात. एका बाईंना शोकेसमध्ये ठेवायला हातभर लांबीची होडी हवी होती. एका लग्नाच्या हॉलवाल्याला नवरा-नवरी बसवायला होडी हवी होती. फळ्यांच्या मधल्या फटी दिसायला नकोत, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पाण्यात जाणार नसेल तर ती होडी नाही, खुर्ची आहे. खुर्चीवाल्याकडे जा.

असे लोक मला विचारतात की होडी वेगात कशी पळते. उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही. शीड मोठं केलं की होडी पळते, हे ते घरूनच ठरवून आलेले असतात. हे ज्याला वाटतं त्याने होडीत बसू नये, बांधणं तर लांबच.

आमचं गाव न्हाव्याच्या खाडीकाठी. आता तिथे पलीकडे बंदराच्या क्रेन दिसतात आणि अलीकडे कंटेनरचे ट्रेलर उभे असतात. माझ्या सासरी तीन पिढ्या होड्या बांधल्या. मासेमारीच्या होड्या तर बांधल्याच, पण नाव झालं ते शर्यतीच्या होड्यांमुळे. शिमग्यात खाडीकाठच्या गावांची शिडांची शर्यत असते. त्यात आमच्या घरची होडी असली की बाकीचे आधीच तोंड वाकडं करायचे.

शर्यतीची होडी अरुंद असते आणि हलकी असते, पण वाऱ्याला पुरेशी जडही असावी लागते. होडीचा कणा म्हणजे पठाण. सगळ्यात खाली नाकापासून शेपटीपर्यंत जाणारं सागाचं लांब लाकूड. त्यावर बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या बरगड्या आणि बरगड्यांवर फळ्या. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेल. मग डोलकाठी, तिच्यावर तिरका चढवायचा लांब वासा म्हणजे परभाण, आणि परभाणाला बांधलेलं तिकोनी शीड.

पठाणाला बाईचा हात लागला तर होडी बुडते, असं सासरे म्हणायचे. फटी भरायला मात्र बाईच लागायची. म्हणजे होडीत पाणी शिरू न देण्याचं काम बाईचं, आणि होडी बुडवण्याचं पापही तिचंच. मी चौथी शिकले होते, त्यामुळे हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. फटी भरल्या. पुढे सासूबाईंची नजर गेली तेव्हा शिडांचं कामही माझ्याकडे आलं. अंगणात कापड पसरायचं, पट्टे कापायचे, दुहेरी शिवण घालायची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून लाल करायचं. काढ्याने कापड कुजत नाही. शीड सपाट शिवलं तर वारा त्यावर थापट मारतो आणि निघून जातो. फार पोट ठेवलं तर वारा आत बसून राहतो, होडीला बाजूला ढकलतो. पोट किती ठेवायचं हे मला कोणी शिकवलं नाही. चार-पाच शिडं बिघडवली, शिव्या खाल्ल्या, आलं.

आता मापाचं सांगते, कारण पुढचं सगळं मापावरच आहे.

आमच्या घरी फूटपट्टी नव्हती असं नाही. पण होडी मोजायची ती हातावर. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हात कोणाचा, तर जो होडी करून घेतो त्या मालकाचा. पहिल्या दिवशी नारळ फोडला की मालकाने बाही वर करून हात फळीवर ठेवायचा. त्या मापाने सुताच्या दोरीला गाठी मारायच्या. पुढची सगळी होडी त्या दोरीवर. पठाण सोळा हात तर डोलकाठी चौदा हात. मालक बुटका असला तर होडी लहान, उंच असला तर मोठी. लोकांना यात देवाचं काही वाटतं. देवाचं काही नाही. सगळं एकाच हाताने मोजलं की होडीचं प्रमाण आपोआप राहतं, एवढीच त्यातली अक्कल. हे माझ्या नवऱ्याला कधीच कळलं नाही. त्याने नियम पाठ केला होता, अक्कल घरी ठेवली होती.

नवऱ्याचं नाव गणपत. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घरातही घ्यायचे.

शेवटची होडी आम्ही बांधली ती हिराजीशेठची. गावातलाच माणूस, आधी मिठागरावर टोपल्या उचलायचा. जमीन विमानतळात गेली आणि शेठ झाला. बुटका, पोट पुढे, बोटांत चार अंगठ्या. तोवर गावात लाकडी होडी कोणी मागत नव्हतं, सगळ्या फायबरच्या आणि इंजिनच्या. हिराजीशेठला मात्र शिमग्याच्या शर्यतीत नाव काढायचं होतं. गाडी आणि बंगला झाल्यावर माणसाला होडी सुचते.

गणपत तेव्हा सत्तरीला आलेला. माझा धाकटा भाऊ लडकू शर्यतीत होडीचा तांडेल होणार, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात. लडकूएवढी खाडी ओळखणारा माणूस तेव्हा दुसरा नव्हता, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी सांगितलं नाही.

हिराजीशेठने हात ठेवला, गाठी पडल्या, पठाण सोळा हात कापला. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम माघात फळ्यांपर्यंत आलं. होडी चांगली झाली होती. मी चांगलं म्हणते तेव्हा ते चांगलंच असतं.

मग शर्यतीचा फॉर्म भरायची वेळ आली. हिराजीशेठने मालक म्हणून जावयाचं नाव दिलं. जावई घरातच राहायचा. गावात त्याला कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्याचं नाव व्हावं हा बेत. प्रीतम त्याचं नाव. सहा फूट उंच, रोज जिमला जाणारा, हाताला सतत मोबाइल चिकटलेला.

गणपतने काय केलं? मालक बदलला म्हणून प्रीतमला बोलावलं, बाही वर करायला लावली आणि नवीन दोरीला नव्या गाठी मारल्या. डोलकाठी आणि परभाण त्या दोरीवर कापलं. पठाण सासऱ्याच्या हाताचा, डोलकाठी जावयाच्या हाताची. मला सांगितलं नाही. जुनी दोरी त्याने अवजारांच्या पेटीत टाकली आणि नवीन खुंटीला लावली. मी खुंटीवरची दोरी घेतली आणि शीड कापायला बसले.

माझी चूक इथेच आहे. कापड मी आधीच आणलं होतं, पनवेलच्या बाजारातून, मोहनशेठच्या दुकानातून. पठाण सोळा हात म्हणजे शिडाला नऊ पट्टे, हे मला झोपेतून उठवलं तरी माहीत. नऊ पट्ट्यांचं कापड आणलं. कापायला घेतलं तर ते पुरेना. पट्टेही लांब निघत होते, तीन पट्ट्यांइतकं कमी पडलं. शहाण्या बाईने काय केलं असतं? थांबली असती, दोरीकडे बघितलं असतं. मी छत्री उचलली आणि पनवेल गाठलं.

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी मोहनशेठला म्हटलं, "मीटर ताणून मोजता का हो? का म्हातारीला दिसत नाही असं वाटलं?"

तो म्हणाला, "काकी, घरी जाऊन एकदा मोजून या."

"मी तीस वर्षं शिडं शिवते. मला मोजायला शिकवू नका."

त्याने कमी पडलेलं कापड मुकाट्याने फाडून दिलं. त्याने वाद घातला नाही, म्हणजे चोर आहे, असं मी धरलं. घरी आले आणि रागारागात अकरा पट्ट्यांचं शीड शिवून टाकलं. नऊऐवजी अकरा झाले हे हाताला कळत होतं. पण माझं सगळं लक्ष मोहनशेठला नावं ठेवण्यात.

शिमग्याच्या चार दिवस आधी होडी पाण्यात घातली. दुपारी समुद्रावरचा खारा वारा उठला आणि लडकूने शीड चढवलं. काठावर अर्धा गाव. होडी अशी सुटली की मासेमारीच्या इंजिनच्या होडीला तिने मागे टाकलं. बायका ओरडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. हिराजीशेठने गणपतच्या गळ्यात हार घातला. प्रीतमने व्हिडिओ काढला. गणपतचा चेहरा असा फुलला की मी तीसेक वर्षांत पाहिला नव्हता.

लडकू मात्र होडी लावून सरळ माझ्या ओट्यावर आला. कपडे छातीपर्यंत भिजलेले.

"काय रे, पोहत आलास का?" मी विचारलं.

"ताय, ही होरी पलत नाय. परत परत जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे कुशीवर परते, मंग उठते, मंग परते. दोनदा काठ पान्याखाली गेला. शीर लय मोठा हाय तुजा. जोराचा वारा आला तर आमी चौघं खाली न होरी वर."

"मग शीड उतरव वारा आला की."

"शर्यतीत?" तो हसला. "शर्यतीत शीर उतरवनारा तांडेल हाय का आपल्या खारीत?"

नाही. असा तांडेल आमच्या खाडीत जन्मलेलाच नाही. वाऱ्याला भ्यायला, असं पुढच्या शिमग्यापर्यंत ऐकावं लागतं. त्यापेक्षा ते बुडणं पसंत करतात.

मी शीड अंगणात पसरलं आणि पट्टे मोजले. अकरा. मग उठून गणपतची पेटी उघडली, जुनी दोरी काढली आणि खुंटीवरच्या दोरीला लावून धरली. एका हातामागे चार बोटांचा फरक. चौदा हातांच्या डोलकाठीत छप्पन्न बोटं. चोवीस बोटांचा हात धरा. डोलकाठी दोन हातांहून जास्त उंच झाली होती आणि शीड त्या मानाने. बुटक्याच्या कण्यावर सहाफुट्याचं डोकं.

गणपत हार काढून जेवायला बसला होता. मी दोन्ही दोऱ्या त्याच्या ताटाशेजारी टाकल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मालक बदलला, हात बदलला. बाबांनी असंच सांगितलंय. ज्याची होडी त्याचा हात."

"पठाण बदललास का?"

तो घास चावत राहिला.

"गणपत, पठाण बदललास का?"

"पळते ना?" तो म्हणाला. "सगळ्या गावाने बघितलं. माझ्या बापाच्या होड्या पण अशा पळाल्या नाहीत."

"लडकू म्हणतो उलटेल."

"तुझा भाऊ भित्रा आहे. दोन रेतीच्या गोण्या टाक म्हणावं तळाला."

रेतीच्या गोण्या होडी कलली की त्याच बाजूला घसरतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चूक त्यालाही दिसली होती. पण म्हातारपणी पहिल्यांदा गळ्यात हार पडला होता आणि तो त्याला मनातून काढवत नव्हता. हार काढून खुंटीला लावला होता, तेवढाच.

डोलकाठी कापणं माझ्या ताकदीचं नव्हतं. शीड माझं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून मी मागचे दोन पट्टे उसवायला घेतले. दुहेरी शिवण, मीच घातलेली, घट्ट. बोटं सोलली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कोणीतरी फोन केला असणार, कारण तासाभरात हिराजीशेठची गाडी आली. मागोमाग प्रीतम उतरला.

"काकी, हे काय?" हिराजीशेठ म्हणाला. "शिवलेलं उसवताय?"

"जास्त शिवलं होतं."

"अहो, काल काय पळाली होडी! इन्स्टावर टाकलीय," प्रीतम म्हणाला. "कमी केलं तर स्पीड जाईल ना."

"जाईल."

"मग कशाला? गणपतकाका म्हणतात काही होत नाही."

मी सुई खाली ठेवली. "प्रीतमराव, होडी तुमच्या नावाची. हातही तुमचाच. लडकूच्या जागी नाही, नुसते मध्ये बसा. तुम्ही बसणार असाल तर हे दोन पट्टे मी आत्ता परत लावते. संध्याकाळच्या आत."

तो मोबाइलकडे बघायला लागला. "मला ड्रोन उडवायचाय," तो म्हणाला. "काठावरून."

"पोहता येतं का?"

"तसं नाही, पण ड्रोन..."

हिराजीशेठने जावयाकडे बघितलं. मिठागरावर टोपल्या उचललेला माणूस, पाणी म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. 

"काकी, हरलो तर तुमच्यामुळे हरलो म्हणेन मी. सगळ्या गावात."

"म्हणा."

"तोंड लपवायला लागेल तुम्हाला."

"म्हणा तर."

तो गाडीत बसला. दार एवढ्या जोरात लावलं की कोंबड्या पळाल्या.

दुपारी मी उरलेले दोन पट्टे घडी करून पनवेलला मोहनशेठकडे गेले. मला माफी मागता येत नाही, कधी सवयच केली नाही. मी म्हटलं, "कापड बरोबर होतं. माझी दोरी चुकली." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत काकी. पण उसवलेलं कापड परत घेणार नाही हं." दुकानातले लोक हसले. हसू दिलं. त्याला मी चोर म्हटलं तेव्हाही दुकान भरलेलंच होतं.

शर्यतीच्या दिवशी सात होड्या उभ्या राहिल्या. आमची दुरून ओळखू यायची. परभाणाचं वरचं टोक दोन हात उघडं, शीड खाली संपलेलं. उंच बाईने धाकट्या बहिणीचा परकर नेसावा तशी. काठावरून टोमणे सुरू झाले. "गणपतला कापड पुरला नाय का रं?" गणपत माझ्यापासून वीस पावलं लांब उभा होता, मला ओळखत नसल्यासारखा.

शिमग्याच्या दिवसांत दुपारी दोन वाजले की खारा वारा उठतोच. माझ्या आयुष्यात तो चुकलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी दोन वाजले, अडीच वाजले, तिवराचं पान हललं नाही. शेवटी भरतीचं पाणी फिरेल म्हणून शर्यत तशीच सोडली. पडेल वाऱ्यावर होड्या म्हशींसारख्या निघाल्या. अशा वाऱ्यात जितकं कापड जास्त तितकी होडी पुढे, हे मूर्खालाही कळतं. शेजारच्या गावची एक जुनी जड होडी, भलंमोठं शीड लावलेली, पहिली आली. आमची चौथी.

लडकू काठावर उतरला तेव्हा त्याचे कपडे कोरडे होते.

हिराजीशेठने शब्द पाळला, सगळ्या गावात माझं नाव घेतलं. होडी एका रिसॉर्टला दिली. तिथे ती हिरवळीवर उभी आहे, मध्ये झाडं लावली आहेत. त्यानंतर आमच्याकडे होडी मागायला कोणी आलं नाही. गणपत पुढे पाच वर्षं जगला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा की खाडीतली सगळ्यात वेगवान होडी त्याने बांधली होती आणि बायकोने तिचे पाय कापले. मी चहा ठेवायला आत जायचे. वारा असता तर मी बरोबर ठरले असते. वारा नव्हता, म्हणून तो बरोबर ठरला. बांधणाऱ्याची अक्कल शेवटी ज्या दिवशी जे वारं येईल त्यावर मोजतात. पैजा लावणारे, हार घालणारे, व्हिडिओ काढणारे, सगळे एका माळेचे मणी. पठाण किती आणि डोलकाठी किती, हे त्यातल्या एकानेही आजवर मला विचारलेलं नाही.

लडकू आता सत्तरीचा झाला. गुडघे गेले आहेत, पण रविवारी रिक्षाने करंजाड्याला येतो, पिशवीत बोय किंवा जिताडं, जो मासा मिळेल तो घेऊन. लिफ्टला शिव्या देत वर येतो. जेवायला बसला की दर वेळी तेच.

"ताय, ते दोन पट्टे असते ना, त्या दिवशी आपली होरी पयली होती. नाव निंगालं असतं माजं. मेल्यावर पन लोकांनी काढलं असतं."

"जिंकला असतास," मी म्हणते आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडी टाकते. "काटे बघून खा."